सर्च क्लस्टर आपोआप वाढवणे अवघड का: शार्डच्या ओझ्याची पार्श्वभूमी

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी विधिमंडळ नागपुरात येते. ज्या पोर्टलकडे बातम्यांचा जुना साठा आहे, त्याच्या शोधावर त्या दिवसांत ताण येणार हे आधीच ठाऊक असते. लक्षवेधी कोणी मांडली होती, मिहान प्रकल्पाबद्दल गेल्या वर्षी काय आश्वासन मिळाले होते, असे प्रश्न घेऊन वाचक येतात. पाने दाखवणारे वेब सर्व्हर दोनाचे सहा करायला दोन-तीन मिनिटे पुरतात. पण मागच्या सर्च क्लस्टरमध्ये, म्हणजे शोधाचे काम वाटून घेणाऱ्या यंत्रांच्या गटात, ऐन गर्दीत तसेच नोड (यंत्रे) वाढवले, तर शोध सुधारण्याआधी काही काळ मंदावतो. वेब सर्व्हर सडाफटिंग असतो, त्याला कुठेही उभे करता येते. सर्च नोडचे मात्र बिऱ्हाड पाठीवर असते: त्याच्या वाट्याचा डेटा, म्हणजे शार्ड. हे बिऱ्हाड कसे तयार झाले आणि ते हलके करण्याचे प्रयत्न कसे झाले, हे माहीत असले की आजच्या बहुतेक सेटिंग्जचा अर्थ लागतो.

सुरुवात ल्युसीनपासून. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेली ही शोधाची जावा लायब्ररी २००१ मध्ये अपाची या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेकडे आली. ती एका यंत्रापुरतीच होती. तिने घेतलेला एक निर्णय आजही सगळ्याच्या मुळाशी आहे: इंडेक्सचा (कोणता शब्द कुठे आहे याच्या सूचीचा) तुकडा, म्हणजे सेगमेंट, एकदा लिहिला की बदलत नाही. नवे दस्तऐवज नव्या सेगमेंटमध्ये जातात आणि लहान सेगमेंट पुढे एकत्र होतात. न बदलणारी फाइल ऑपरेटिंग सिस्टिम मोकळ्या मेमरीत धरून ठेवते आणि शोधाचा वेग येतो तो तिथून. याची दुसरी बाजू अशी की नवा नोड डेटा मिळाल्यावरही काही मिनिटे थंडच असतो, कारण त्याची मेमरी अजून भरलेली नसते.

इंडेक्सचे शार्ड, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायचे मोठे तुकडे, करून प्रत्येक तुकड्याच्या अनेक प्रती ठेवायच्या, ही कल्पना मोठ्या सर्च कंपन्यांत आधीच रुळली होती. गूगलच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात १५,००० हून अधिक साध्या पीसींवर असेच चालते असे सांगितले होते. बाकीच्यांना ते हाताने करावे लागे. योनिक सीली यांनी २००४ मध्ये सीनेट (CNET) या कंपनीत सुरू केलेला, ल्युसीनवर बांधलेला सोलर हा सर्च सर्व्हर २००६ मध्ये अपाचीत आला. २००८ च्या १.३ आवृत्तीत एक शोध अनेक शार्डवर पाठवता येऊ लागला, पण शार्डची यादी क्वेरीतच (शोधाच्या विनंतीतच) द्यावी लागे आणि कोणता दस्तऐवज कुठे ठेवायचा हे ॲप्लिकेशनने ठरवायचे. नोड वाढवणे म्हणजे कॉन्फिगरेशनच्या फाइली बदलून रात्री सगळे पुन्हा इंडेक्स करणे.

शाय बॅनन यांच्या इलास्टिकसर्च या ल्युसीनवरच्याच सर्च सर्व्हरने फेब्रुवारी २०१० मध्ये हे चित्र बदलले. नोड सुरू केला की तो क्लस्टरमध्ये सामील होतो आणि शार्ड आपोआप वाटले जातात. पण प्रायमरी (मूळ) शार्डची संख्या इंडेक्स बनवतानाच पक्की करावी लागे आणि न सांगता ती पाच असे. दस्तऐवजाच्या ओळखक्रमांकाच्या हॅशला (त्यापासून गणिताने काढलेल्या आकड्याला) शार्डच्या संख्येने भागून उरलेली बाकी हाच त्याचा पत्ता. पाचाचे सहा केले की दर सहापैकी पाच दस्तऐवजांचा पत्ता बदलतो, म्हणून ती संख्या मध्येच बदलता येत नसे. सोलरच्या क्लस्टर-रूपाने, म्हणजे सोलरक्लाउडने, ऑक्टोबर २०१२ मध्ये बाकीऐवजी हॅशचे पट्टे वापरले: आकड्यांचा एकेक टप्पा एकेका शार्डला. त्यामुळे पुढच्या वर्षी, ४.३ पासून, चालू शार्डचे दोन भाग करण्याची सोय झाली. इलास्टिकसर्चमध्ये शार्ड कमी करण्याची सोय २०१६ च्या ५.० मध्ये आणि विभागण्याची २०१७ च्या ६.१ मध्ये आली.

या पाच शार्डच्या सवयीने बरेच नुकसान केले. रोज एक इंडेक्स, प्रत्येकी पाच प्रायमरी आणि त्यांची एकेक प्रत (रेप्लिका), म्हणजे दिवसाला दहा आणि वर्षाला ३,६५० शार्ड. त्यातले बहुतेक काही मेगाबाइटचे, पण प्रत्येकाची नोंद मास्टरला, म्हणजे क्लस्टरचा कारभार पाहणाऱ्या नोडला, ठेवावी लागते. एप्रिल २०१९ च्या ७.० मध्ये न सांगता मिळणारी संख्या एकवर आली आणि दर डेटा नोडमागे १,००० शार्डची मर्यादा लागली. आज एक शार्ड १० ते ५० जीबी ठेवावा असे मानतात.

मराठी मजकुरात इथे एक वेगळी अडचण आहे. इलास्टिकसर्चच्या तयार भाषा-ॲनालायझरांत (शब्दांची मूळ रूपे काढणाऱ्या घटकांत) हिंदी आणि बंगाली आहेत, मराठी नाही. ‘संत्रे’ शोधल्यावर ‘संत्र्यांचा’ आणि ‘संत्र्याला’ सापडावे म्हणून बरेच जण शब्दाचे दोन-तीन अक्षरी तुकडे करून इंडेक्स करतात. त्याने इंडेक्स अनेक पटींनी फुगतो आणि शार्डचा हिशोब पहिल्या दिवसापासून चुकतो. विभक्ती-प्रत्यय काढणारा छोटा नियमसंच लिहिणे जास्त मेहनतीचे आहे, पण तोच खरा उपाय आहे असे आम्हाला वाटते.

आता मास्टरचा प्रश्न. इलास्टिकसर्चच्या ७.० पूर्वी किमान किती मास्टर-पात्र नोड एकमेकांना दिसले पाहिजेत, हा आकडा हाताने लिहावा लागे: एकूण नोडच्या निम्मे अधिक एक. तिनासाठी दोन. आपोआप वाढणाऱ्या गटाने तिनाचे सहा केले आणि फाइलमध्ये दोनच राहिले, तर नेटवर्क तुटल्यावर तीन-तीनचे दोन गट आपापला मास्टर निवडत आणि दोन्हीकडे वेगळा डेटा लिहिला जाई. ७.० ने तो आकडाच काढून टाकला. तरीही तीन स्वतंत्र मास्टर नोड ठेवून त्यांना स्वयंचलित वाढीपासून पूर्ण लांब ठेवणे, ही शिस्त त्याच काळाची आहे आणि ती पाळावी.

स्वयंचलित वाढ मुळात शोधासाठी जन्मलीच नव्हती. ॲमेझॉनने ती ईसी२ या भाड्याच्या सर्व्हरसेवेसाठी २००९ मध्ये आणली. अनेक यंत्रांवर ॲप्लिकेशन चालवणाऱ्या कुबरनेटिसची १.० आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली आणि सीपीयू पाहून पॉड, म्हणजे ॲप्लिकेशनच्या चालत्या प्रती, वाढवणारा ऑटोस्केलर त्याच वर्षी १.१ मध्ये. डेटा सांभाळणाऱ्या पॉडसाठी १.३ मध्ये पेटसेट आला, १.५ मध्ये त्याचे नाव स्टेटफुलसेट झाले आणि डिसेंबर २०१७ च्या १.९ मध्ये तो स्थिर झाला. म्हणजे सर्च क्लस्टर तिथे नीट बसवता येण्याआधी दोन वर्षे ऑटोस्केलर तयार होता. अनेकांनी तो तसाच लावला.

तिथे काय बिघडते ते आकड्यांतच दिसते. ऑटोस्केलर दर १५ सेकंदांनी पाहतो आणि कमी करण्याआधी ५ मिनिटे थांबतो. ४० जीबीचा शार्ड दर सेकंदाला ४० एमबी या इलास्टिकसर्चच्या मूळ मर्यादेने नव्या नोडवर जायला सुमारे १७ मिनिटे लागतात. कॉपी करताना जुन्या नोडचा भार आणखी वाढतो, त्यामुळे ऑटोस्केलर अजून पॉड मागतो. मग गर्दी ओसरते आणि प्रती पोहोचल्या-न-पोहोचल्या तोच तो पॉड काढू लागतो. स्टेटफुलसेट सर्वांत मोठ्या क्रमांकाचा पॉड आधी काढतो, त्यावर कोणता शार्ड आहे हे न बघता. त्याची दुसरी प्रत तयार नसेल तर क्लस्टर लाल, म्हणजे काही डेटा शोधात मिळतच नाही.

दुसरी चूक याहून साधी. एक प्रायमरी आणि एक रेप्लिका असलेल्या इंडेक्ससाठी तिसरा नोड निरुपयोगी आहे, कारण त्याच्यावर ठेवायला काहीच नाही. शोधाची क्षमता रेप्लिका वाढवल्याने वाढते, नोड फक्त जागा देतात.

सोलरने २०१७ च्या ७.० आवृत्तीत हे सगळे आतूनच सोडवण्याचा प्रयत्न केला: नियम, घटना आणि त्यांवर आपोआप होणाऱ्या कृती. त्या चौकटीची गुंतागुंत आणि मोठ्या क्लस्टरवर पडणारा तिचा स्वतःचा भार पाहून ती मागे घेतली गेली, आणि २०२२ च्या ९.० मध्ये ती नव्हती. शार्ड कुठे ठेवायचा एवढेच आत राहिले, नोड किती हवेत ते बाहेरच्या ऑपरेटरकडे, म्हणजे क्लस्टर सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे, गेले. शार्ड आधी हलवून मगच पॉड काढणारे ऑपरेटर हे आजचे व्यवहार्य उत्तर आहे. इलास्टिकचा ऑपरेटर जानेवारी २०२० मध्ये १.० ला पोहोचला.

अधिवेशनासारखी तारीख आधीच कळणारी गर्दी असेल, तर सीपीयूवर विसंबू नये, वेळापत्रक लावावे. दोन तास आधी डेटा नोड वाढवा. नव्या यंत्राच्या प्रतिमेत (इमेजमध्ये) मेमरी-मॅपची, म्हणजे मेमरीत जोडता येणाऱ्या फाइलभागांची, मर्यादा २,६२,१४४ केलेली आहे ना ते पाहा. लिनक्सची नेहमीची ६५,५३० राहिली तर इलास्टिकसर्चच्या ५.० पासूनच्या तपासण्या नोड सुरूच होऊ देत नाहीत. जावा हीप, म्हणजे जावाला राखून दिलेली जागा, एकूण मेमरीच्या निम्मा आणि ३१ जीबीच्या आत ठेवा, त्यावर पॉइंटर (मेमरीतले पत्ते) मोठे होऊन उलट जागा वाया जाते. मग रेप्लिका एकाच्या दोन करा, क्लस्टर हिरवा होईपर्यंत, म्हणजे सर्व प्रती तयार होईपर्यंत, थांबा आणि नेहमीच्या क्वेरी दहा मिनिटे चालवून मेमरी गरम करा.

उतरताना क्रम उलटा: आधी रेप्लिका कमी, मग जाणाऱ्या नोडला वाटपातून वगळणे, तो रिकामा झाल्यावरच बंद. इथे डिस्क अडवते. चार नोडवर ६६ टक्के भरलेल्या डिस्क तिनावर ८८ टक्के होतात. पण ८५ टक्क्यांना नवे शार्ड घेणे थांबते, म्हणून चौथा नोड अर्धवट रिकामा होऊन अडकतो. ९५ टक्क्यांना इंडेक्समध्ये लिहिणेच बंद होते.

स्वतःची सर्व्हर रूम असणाऱ्यांना नागपूरचा मे महिना वेगळा त्रास देतो. पारा ४५ च्या वर गेला आणि एसी कमी पडला, की तापलेले प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतात. एक क्वेरी सर्व शार्डचे उत्तर येईपर्यंत थांबते, म्हणून एकच मंद नोड सगळा शोध मंद करतो. हळू नोड टाळून दुसरी प्रत निवडण्याची सोय इलास्टिकसर्चच्या ६.१ मध्ये आली आणि ७.० पासून ती आपोआप चालू असते, पण दुसरी प्रत थंड यंत्रावर असेल तरच तिचा उपयोग. अशा वेळी काही नोड मुंबईच्या क्लाउडमध्ये ठेवून एकच क्लस्टर करण्याचा मोह होतो. समृद्धी महामार्गानेच ७०१ किलोमीटर अंतर आहे; तेवढ्या फायबरमधून प्रकाशाला जाऊन-येऊन सुमारे ७ मिलिसेकंद लागतात, राउटरचा वेळ वेगळा. प्रत्येक लेखन रेप्लिकापर्यंत पोहोचून पोच मिळेपर्यंत थांबते, त्यामुळे हा भुर्दंड दर वेळी बसतो. दोन स्वतंत्र क्लस्टर ठेवून एकातून दुसऱ्यात प्रत पाठवावी.

बिऱ्हाडच उतरवून ठेवण्याचा प्रयत्न अलीकडचा. ओपनसर्च २०२१ मध्ये परवान्याच्या वादातून इलास्टिकसर्चपासून वेगळा झाला. त्याने २.७ मध्ये दस्तऐवज पुन्हा इंडेक्स न करता तयार सेगमेंटच रेप्लिकांकडे पाठवण्याची सोय स्थिर केली आणि २.१० मध्ये डेटाची कायमची प्रत दूरच्या ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (फाइलींच्या कोठारात) ठेवण्याची. न बदलणारा सेगमेंट नसता तर हे जमले नसते. तिथे नवी रेप्लिका गर्दीत अडकलेल्या प्रायमरीऐवजी स्टोअरमधून फाइली उचलते. १७ मिनिटे त्यानेही शून्य होत नाहीत, पण भार सोसणाऱ्या नोडवर आणखी भार पडत नाही.