एक दिवसाच्या वेतनाचा मदतनिधी: संमतीपत्र, कपात आणि कधीच वेळेवर न मिळणारे प्रमाणपत्र

पूर, अतिवृष्टी किंवा दुष्काळ आला की थोड्याच दिवसांत शासकीय कार्यालयांत ‘एक दिवसाचे वेतन मुख्यमंत्री सहायता निधीस देणेबाबत’ असा विषय असलेले पत्र फिरू लागते, आणि पैसे द्यायला सहसा कोणी मागेपुढे पाहत नाही. कुरकुर सुरू होते ती काही महिन्यांनी, आयकर विवरणपत्र भरताना, कारण वेतनातून रक्कम गेलेली दिसते, पण ती कोणत्या निधीत आणि कोणत्या तारखेला जमा झाली याचा कागद हाती नसतो. लेखाशाखेच्या टेबलापाशी असे हेलपाटे घालणारे सहकारी वर्षानुवर्षे पाहिल्यामुळे ही माहिती लिहीत आहे. ती जितकी देणाऱ्यांसाठी आहे, तितकीच आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयाचे वेतन काढून वाटण्यास जबाबदार अधिकारी) आणि वेतन देयके करणाऱ्या लिपिकांसाठीही आहे.

सर्वप्रथम, कार्यालयात निधी कोणी गोळा करायचा हा प्रश्न. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतील नियम 12 नुसार शासनाच्या किंवा विहित प्राधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय कोणत्याही कारणासाठी वर्गणी मागता येत नाही, स्वीकारता येत नाही आणि निधी उभारण्याच्या कामाशी संबंधही ठेवता येत नाही. महाराष्ट्र राज्य कर्मचाऱ्यांच्या 1979 च्या वर्तणूक नियमांतही याच स्वरूपाची मनाई आहे. स्वतः देणगी देणे हा नियमभंग नाही आणि सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या संकलनात स्वेच्छेने सहभागी होण्यासाठी केंद्रीय नियमांखाली वेगळी मंजुरी लागत नाही. परंतु आजारी सहकाऱ्यासाठी किंवा ओळखीच्या एखाद्या संस्थेसाठी कार्यालयात यादी फिरवायची असेल, तर आधी लेखी परवानगी घ्यावी. उत्सव मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून मिळते ती परवानगी येथे उपयोगाची नाही; ती मंडळासाठी असते आणि वर्तणूक नियमांतील मंजुरीची जागा ती घेत नाही. हेतू चांगला होता, हा खुलासा विचारणा झाल्यावर फार काळ टिकत नाही.

शासनाच्या परिपत्रकानुसार कपात होते तेव्हा परवानगीचा प्रश्न उरत नाही, मात्र संमतीचा उरतो, आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो. परिपत्रकात योगदान ऐच्छिक असल्याचे लिहिलेले असते. कार्यालयात मात्र ‘ज्यांची हरकत असेल त्यांनी लेखी कळवावे’ एवढी सूचना फलकावर लावून बाकी सर्वांची संमती गृहीत धरली जाते. केरळात 2018 च्या महापुरानंतर एक महिन्याचे वेतन देण्याचे आवाहन करताना, देऊ न इच्छिणाऱ्यांनी तसे लिहून द्यावे अशी अट होती. उच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली आणि 29 ऑक्टोबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. देणगी न देणाऱ्याला स्वतःचा नकार कागदावर मांडायला लावणे हाच तेथील आक्षेपाचा गाभा होता, आणि कार्यालयातील उतरंड ज्याने पाहिली आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. एखाद्या परिपत्रकात नकार कळवण्याची पद्धत दिलेली असली, तरीही माझा सल्ला होकारच लेखी घेण्याचा आहे. त्यासाठी लांबलचक नमुन्याची गरज नाही: ‘माझ्या अमुक महिन्याच्या वेतनातून अमुक रुपये इतकी रक्कम अमुक निधीसाठी कपात करण्यास मी स्वेच्छेने संमती देत आहे’ हे एक वाक्य, त्याखाली सही, तारीख आणि सेवार्थ क्रमांक (राज्याच्या वेतन प्रणालीतील कर्मचाऱ्याचा क्रमांक) पुरेसे आहे. रकमेची जागा कोरी ठेवून सह्या घेऊ नयेत. सामूहिक यादीवर सह्या घेतल्या की कोणी किती दिले हे शेजारच्याला दिसते आणि ऐच्छिक या शब्दाला अर्थ राहत नाही. स्वतंत्र चिठ्ठ्या घेण्यात अर्धा तास जास्त जातो, तो जाऊ द्यावा.

रक्कम ठरवताना परिपत्रकातील व्याख्या वाचावी, कारण ‘एक दिवसाचे वेतन’ म्हणजे केवळ मूळ वेतन, की महागाई भत्त्यासह, आणि भागायचे 30 ने की त्या महिन्याच्या प्रत्यक्ष दिवसांनी, यावर आकडा बदलतो. 60,000 रुपयांवर 30 दिवसांच्या महिन्यात 2,000 रुपये होतात, 31 दिवसांच्या महिन्यात 1,935. दोन शाखांनी दोन रीतींनी हिशेब केला की एकत्रित यादी जुळत नाही आणि ती परत येते. महिन्याच्या मध्यावर बदली झालेल्यांची नावे एकदा जुन्या आणि एकदा नव्या कार्यालयात येऊन दुहेरी कपात झाल्याचेही पाहिले आहे. बदलीच्या वेळी जुन्या कार्यालयाकडून मिळणाऱ्या अंतिम वेतन प्रमाणपत्रावर कपातीची एक ओळ लिहिली असती तर ते टळले असते. कंत्राटी कर्मचाऱ्यांचे वेतन पुरवठादार संस्थेकडून होत असल्याने त्यांची नावे आपल्या देयकात घालता येत नाहीत, आणि निवृत्तांनीही निधीच्या अधिकृत खात्यात थेट भरणे सोयीचे.

कपात झाल्यावर एकत्रित रक्कम धनादेशाने किंवा बँक हस्तांतरणाने निधीच्या खात्यात भरायची, सोबत नावनिहाय यादी द्यायची आणि व्यवहार क्रमांक धारिकेत लावायचा. खाते क्रमांक कोणी मोबाईलवर पाठवलेल्या चित्रातून घेऊ नये. तो परिपत्रकातून किंवा निधीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा.

आता ज्यासाठी लोक अडतात ते प्रमाणपत्र. निधीकडून कार्यालयाला एकच पावती येते, एकूण रकमेची, आणि कर्मचारी मात्र स्वतःच्या नावाची पावती मागत राहतात. ती निधीकडून मिळणार नाही, हे आयकर विभागानेच ओळखलेले आहे: वेतनावरील करकपातीच्या परिपत्रकांत स्पष्ट म्हटले आहे की पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, मुख्यमंत्री सहायता निधी किंवा नायब राज्यपालांचा सहायता निधी यांना नियोक्त्यामार्फत देणगी दिली असेल, तर आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राच्या आधारे आयकर कायद्यातील कलम 80 जी ची, म्हणजे देणगीवरची, वजावट ग्राह्य धरली जाईल. 2020 मध्ये पीएम केअर्स निधीलाही अशीच सोय देण्यात आली. म्हणजे हवा असलेला कागद आपल्याच इमारतीत तयार व्हायचा असतो, आणि तरीही ‘मंत्रालयातून पावती आली की देऊ’ असे उत्तर देऊन माणसांना मार्चपर्यंत ताटकळत ठेवले जाते. प्रमाणपत्रावर कर्मचाऱ्याचे नाव व पॅन, वेतनाचा महिना, रक्कम, निधीचे पूर्ण नाव व पॅन, धनादेश किंवा व्यवहार क्रमांक आणि तारीख, कार्यालयाचा टॅन (करकपातीसाठीचा खाते क्रमांक) आणि जावक क्रमांक असावा. निधीचा पॅन सर्रास राहून जातो, आणि विवरणपत्रातील देणग्यांच्या तक्त्यात तो भरावाच लागतो. 10 बीई या प्रमाणपत्राचा आग्रह या निधींबाबत धरू नये; ते कलम 80 जी (5) खाली मान्यता घेतलेल्या न्यासांनी वर्ष संपल्यावर 31 मेपर्यंत द्यायचे असते. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला 2025 चा नवा आयकर कायदा लागू असल्याने जुने छापील नमुने वापरताना कलम क्रमांक तपासून घ्यावा.

वजावट मिळते कोणाला, हेही आधीच सांगितलेले बरे. मुख्यमंत्री सहायता निधीच्या देणगीवर शंभर टक्के वजावट आहे, पण ती जुन्या करप्रणालीत. 2023-24 या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात 80 जी ची वजावट नाही. ज्यांनी जुनी प्रणाली निवडलेली नाही त्यांच्या फॉर्म 16 मध्ये ती रक्कम वजा न दिसणे ही लिपिकाची चूक नसते. मुदतीत विवरणपत्र भरताना वेतनदारांना प्रणाली बदलता येते. मात्र 2,000 रुपयांच्या देणगीवर 20 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह 416 रुपये वाचतात, तेवढ्यासाठी प्रणाली बदलण्यापूर्वी एकूण कर दोन्ही रीतींनी मांडून पाहावा. रोख देणगी 2,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर वजावट मिळत नाही. मार्चचे वेतन एप्रिलमध्ये हाती येते, त्यामुळे त्यातून कापलेली देणगी पुढच्या आर्थिक वर्षाची ठरते. चालू वर्षात दाखवण्यासाठी मार्चची कपात सुचवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

सशस्त्र सेना ध्वजदिन निधीची रीत वेगळी आहे आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. ध्वजदिन 1949 पासून 7 डिसेंबरला पाळला जातो. महाराष्ट्रात त्या दिवशी संकलनाचा शुभारंभ होतो, तरीही अनेक कार्यालये तीच अंतिम तारीख समजून आदल्या आठवड्यात धावपळ करतात. जिल्ह्याला उद्दिष्ट दिलेले असते, ते कार्यालयांत वाटले जाते, आणि तेथून ते दरडोई ठरावीक रक्कम म्हणून शिपायापर्यंत पोहोचते. उद्दिष्ट कार्यालयाचे असते, कर्मचाऱ्याचे नसते, हे कार्यालयप्रमुखांनी एकदा मोठ्याने सांगितले तर बरेच अवघडलेपण संपेल. वर उल्लेखलेल्या निधींसाठीची प्रमाणपत्राची सवलत ध्वजदिन निधीला गृहीत धरू नये; पैसे घेतानाच प्रत्येकाच्या नावे पावती फाडावी, आणि पावतीपुस्तकांची स्थळप्रत, उरलेले ध्वज व रोख रकमेचा ताळमेळ लावून सर्व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे परत करावे. एका कार्यालयात एक पावतीपुस्तक कपाटात राहिले आणि त्याचा खुलासा सेवानिवृत्तीच्या तोंडावर असलेल्या कारकुनाला करावा लागला. पुस्तकातील एकही पावती फाटलेली नव्हती, तरी ना-देय प्रमाणपत्र तेवढ्यासाठी अडले.