कोंबुचा

गोड केलेल्या चहाचे यीस्ट आणि ॲसिटिक अम्ल जीवाणूंच्या साहाय्याने किण्वन करून तयार होणारे आंबटगोड, किंचित फसफसणारे पेय. त्याच्या पृष्ठभागावर सायीसारखी चिवट चकती धरते. तिला रशियन भाषेत ‘चाइनी ग्रीब’ म्हणजे चहाची अळंबी म्हणतात. प्रत्यक्षात ती अळंबी नसून जीवाणूंनी विणलेल्या सेल्युलोजचा थर आहे. घरगुती आंबवणाऱ्यांत तिचे ‘स्कोबी’ हे नाव रूढ आहे.

नाव व मूळ : जपानी भाषेत ‘कोंबु’ हे एका खाद्य समुद्री शेवाळाचे नाव असून ‘चा’ म्हणजे चहा. त्यामुळे जपानमध्ये कोंबुचा मागितल्यास त्या शेवाळाचे खारट पेय मिळते. आंबवलेल्या चहाला तेथे ‘कोचा किनोको’ म्हणतात. पाश्चात्त्य भाषांत हे नाव चुकीने चिकटले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. दुसऱ्या व्युत्पत्तीनुसार इ. स. ४१४ मध्ये कोंबु नावाच्या कोरियन वैद्याने जपानी सम्राट इंग्यो यांच्यावर या पेयाने उपचार केले. कोरियातील सिला राज्यातून वैद्य आल्याचा उल्लेख जपानच्या प्राचीन बखरींत आढळतो, पण त्यात आंबवलेला चहा नाही. शिवाय जपानमधील चहापानाच्या विश्वसनीय नोंदी नवव्या शतकाच्या आरंभापासूनच्या आहेत. इ. स. पू. २२१ च्या सुमारास चीनमध्ये हे पेय ‘अमरत्वाचा चहा’ म्हणून प्रसिद्ध होते, ही कथाही याच जातीची. कोंबुचा सहसा ज्यापासून करतात तो काळा चहा साधारणतः सतराव्या शतकातला मानला जातो. हिरव्या चहावरही चकती धरते, तेव्हा एवढ्यावरून दावा सर्वस्वी खोडता येत नाही. तथापि त्याला समकालीन लिखित आधार नाही. खात्रीलायक धागा विसाव्या शतकाच्या आरंभी रशिया व पूर्व युरोपात सापडतो.

जर्मन कवकवैज्ञानिक गुस्टाव्ह लिंडाऊ यांनी १९१३ मध्ये या वसाहतीला ‘मेडुसोमायसीझ गिसेव्ही’ असे नाव दिले. पुढे ती एक जीव नसून अनेकांचा समुदाय असल्याचे स्पष्ट झाले आणि हे नाव मागे पडले. सेल्युलोज विणणाऱ्या जीवाणूचे वर्णन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ ए. जे. ब्राउन यांनी १८८६ मध्येच केले होते. आज त्याला कोमागाटाइबॅक्टर झायलिनस म्हणतात. फिलिपीन्समधील ‘नाता दे कोको’ हा नारळपाण्याचा चघळण्याजोगा पदार्थही त्याचीच करणी.

प्रक्रिया : यीस्ट साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करून त्यांपासून अल्कोहॉल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते, जीवाणू अल्कोहॉलचे ॲसिटिक अम्ल आणि ग्लुकोजचे ग्लुकॉनिक अम्ल करतात. जीवाणूंना हवा लागते, म्हणून बरणीला झाकण न लावता घट्ट विणीचे सुती कापड बांधतात. विरळ मलमलीतून चिलटे आत शिरतात.

दोन लिटर पाण्यासाठी १०–१२ ग्रॅम साधा चहा, १५०–१६० ग्रॅम साखर, एक चकती आणि विरजण म्हणून आधीच्या घाण्यातील २०० मिलि. आंबट कोंबुचा घेतात. पानांचा चहा दहा मिनिटे, दाणेदार सीटीसी चहा चार-पाच मिनिटे मुरवून गाळतात, साखर विरघळवतात आणि पाणी ३०° से.च्या खाली आल्यावरच विरजण घालतात. गरम पाण्यात ते मरते. चहा मसाला किंवा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे तेल असलेला चहा टाळावा, कारण सुगंधी तेले वसाहतीला मारक ठरू शकतात.

नवशिके चकतीला जपतात आणि विरजणात कसर करतात. खरे तर उलटे हवे. चकतीशिवाय नुसत्या विरजणावरही नवी चकती धरते, पण विरजण अपुरे पडले तर पहिल्या दिवसांत सामू (पीएच; जितका कमी तितके पेय आंबट) पुरेसा उतरत नाही आणि बुरशीला वाव मिळतो. सामू लवकरात लवकर ४.२ च्या खाली यावा. तयार पेयाचा साधारण २.५ ते ३.५ असतो. २४–२८° से. तापमानात ७ ते १० दिवस पुरतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात पाचव्या दिवसापासूनच चव घेऊन पाहावी.

चकती बुडणे, तिला भोके पडणे किंवा खाली तपकिरी तंतू लोंबणे हे दोष नव्हेत; तंतू यीस्टचे असतात. पृष्ठभागावर कोरडी, लवदार पांढरी, हिरवी वा काळी ठिगळे दिसली तर चकतीसह सर्व फेकावे. बुरशी खरवडून उपयोग नाही. बरणी काचेची हवी. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, तोच नियम येथे. चिनी मातीच्या बरणीची झिलई शिसेयुक्त असू शकते. ऑस्ट्रेलियात अशा भांड्यातील कोंबुचामुळे एका जोडप्याला शिसेबाधा झाल्याची वैद्यकीय नोंद आहे.

फेसासाठी फळांचा रस किंवा आले घालून जाड काचेच्या बाटलीत दोन-तीन दिवस ठेवतात. बाटली रोज किंचित सैल करून दाब सोडावा व नंतर शीतकपाटात ठेवावी, अन्यथा ती फुटू शकते. बंद बाटलीत अल्कोहॉलही वाढते. भारतीय अन्नसुरक्षा विनियमांत ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहॉल असलेले पेय मद्ययुक्त गणले जाते. घरगुती कोंबुचा ही मर्यादा सहज ओलांडू शकतो.

आरोग्य : यकृतशुद्धी, कर्करोग, संधिवात यांवरील दावे मुख्यतः प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील प्रयोगांवर बेतलेले आहेत. मानवी चाचण्या मोजक्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या १२ रुग्णांनी चार आठवडे रोज सुमारे २४० मिलि. कोंबुचा घेतला तेव्हा उपाशीपोटीची सरासरी रक्तशर्करा १६४ वरून ११६ मिग्रॅ./डेलि. झाली; एवढ्या लहान नमुन्यावरून उपचार ठरवता येत नाही. पेयात उरलेली साखर मात्र मधुमेह्यांनी हिशेबात धरावी.

अमेरिकेतील आयोवा राज्यात १९९५ मध्ये कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांना तीव्र चयापचयी आम्लता (रक्तातील अम्लाचे प्रमाण धोकादायक वाढणे) झाली, त्यांपैकी एक दगावली. कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. त्या वेळी तेथील रोगनियंत्रण यंत्रणेने निरोगी व्यक्तीला दिवसाला सुमारे १२० मिलि. प्रमाण अपायकारक नसावे असे म्हटले होते. पोट फुगणे, मळमळ आणि दातांच्या एनॅमलची झीज या नेहमीच्या तक्रारी. गर्भवती, लहान मुले, प्रतिकारशक्ती क्षीण असलेले आणि यकृत वा मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी घरगुती, न पाश्चरीकृत कोंबुचा टाळावा. डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठीचे औषध) किंवा मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरील औषध) चालू असताना अल्कोहॉलच्या अंशामुळेही तो वर्ज्य.