स्पर्धेतला प्रवेश आणि ऑडिशनमधला प्रवेश

खान्देशातली बरीच नटमंडळी स्पर्धांमधून घडतात. आधी विद्यापीठाचा युवारंग हा युवक महोत्सव, मग राज्य नाट्य स्पर्धेची जळगाव केंद्रावरची प्राथमिक फेरी, अधूनमधून एकांकिका. ही तालीम मोलाचीच. पण तीच तयारी जशीच्या तशी घेऊन पुण्या-मुंबईच्या ऑडिशनला गेलं की चांगला नटही फिका पडतो.

स्पर्धेत परीक्षक पाहतात ते बसवून पक्कं झालेलं नाटक. जागा ठरलेल्या, सोबतीला प्रकाश, संगीत, सहकलाकार. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहासारख्या जागी आवाज मोकळ्या हवेत शेवटच्या रांगेपर्यंत न्यावा लागतो. ठरलेलं न डगमगता पार पाडणं, हा तिथला आत्मविश्वास.

ऑडिशनच्या खोलीत यातलं काहीच नसतं. टेबलामागे दोन-तीन माणसं, बहुतेकदा कॅमेरा, आणि समोरच्या पात्राची वाक्यं कुणीतरी सपाट वाचणार. हा या भूमिकेत बसेल का आणि याच्यासोबत काम करता येईल का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. म्हणून एकदा करून झालं की म्हणतात, "आता हेच न चिडता करा." स्पर्धेत मुरलेला नट नेमका इथे अडतो. आपलं चुकलं असं वाटून तो बिचकतो, नाहीतर तेच आणखी जोरात करतो. खरं तर नटात काही दिसलं म्हणूनच बहुधा पुन्हा करायला सांगतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातही प्रवेश देताना प्राथमिक चाचणीतून निवडलेल्यांची काही दिवसांची कार्यशाळा होते. पाठ केलेला उतारा तिथे पुरत नाही.

यावर घरच्या घरी करण्यासारखा उपाय आहे. एकच उतारा आईशी, सावकाराशी, धाकट्या भावाशी बोलताय असं समजून म्हणा. शब्द तेच ठेवा, माणूस बदला. वाक्य ज्या सुरात बसलंय तो सूर सुटेपर्यंत हे करत राहा.

मध्येच थांबवलं तरी खचू नका. हवं ते दिसलेलं असू शकतं, बाहेर रांगही असते.

ओळख देताना नाव, वय, उंची, गाव पुरे. बक्षिसांची यादी लागत नाही. घोडेस्वारी येत नसेल तर येते म्हणू नका, तिथेच पुढचं विचारतील.

बोलीबद्दल मात्र मला तळमळीनं सांगायचंय. 'डोळा'चा 'डोया' होऊ नये म्हणून आपली मुलं इतकी जपून बोलतात की अभिनय बाजूला राहतो. प्रमाण उच्चार यायलाच हवेत, भूमिका मागेल तेव्हा ते लागतात. पण अहिराणी किंवा लेवा बोली हे तुमच्याजवळचं खरं कौशल्य आहे. कोणत्या भाषा येतात असं विचारलं की तिचं नाव मराठी-हिंदीच्या बरोबरीनं घ्या, आणि "बोलून दाखवा" म्हणतील तेव्हासाठी मिनिटभराचा एक उतारा त्या बोलीत तयार ठेवा.