खेळणे नेमके कोणत्या हेडिंगमध्ये? ‘९५०३’ची पार्श्वभूमी

खेळण्यांच्या आयातीत होणारे वाद वरकरणी व्याख्येचे असतात, आतून दराचे. सीमाशुल्काच्या नामावलीत प्रत्येक मालाला चार आकडी वर्ग असतो, त्याला हेडिंग म्हणतात आणि दर त्यावरून ठरतो. शेजारच्या दोन हेडिंगना एकच दर असेल, तर माल कुठे नोंदला याची चौकशी ना आयातदार करतो, ना माल तपासणारा सीमाशुल्काचा अधिकारी, म्हणजे अप्रेझर. दरांत फरक पडला की मात्र बाहुलीला शेपूट आहे का, हा प्रश्न सुनावणीपर्यंत जातो. भारतात खेळण्यांच्या बाबतीत ही वेळ २०२० नंतर आली. परदेशात ती फार आधी येऊन गेली होती.

भारताचा १९७५ चा सीमाशुल्क दर कायदा ब्रुसेल्सच्या जुन्या नामावलीवर बेतलेला होता. एचएस (हार्मोनाइज्ड सिस्टीम) ही मालाच्या वर्गीकरणाची आजची सहा आकडी प्रणाली १ जानेवारी १९८८ पासून जगभर लागू झाली. भारताने त्याआधीच, १९८६ मध्ये, आपली अनुसूची तिच्याशी जुळवून घेतली होती. त्या वेळी ९५ व्या प्रकरणात खेळण्यांसाठी तीन हेडिंग होती. मुलांनी बसून चालवायची चाकांची खेळणी आणि बाहुल्यांच्या गाड्या ९५०१ मध्ये, केवळ मानवी रूपाच्या बाहुल्या ९५०२ मध्ये आणि बाकी सगळे ९५०३ मध्ये.

गोंधळ झाला तो ९५०२ मधल्या ‘केवळ’ या शब्दावरून. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाहुल्यांवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के शुल्क होते. एक्स-मेन या कॉमिक्समधल्या पात्रांच्या प्लास्टिकच्या मूर्ती आयात करणाऱ्या कंपनीला अधिकाऱ्यांनी बाहुल्यांचा दर लावला. कंपनी न्यायालयात गेली. तिचे म्हणणे असे, की ही पात्रे माणसे नाहीत. कोणाच्या हातातून पाती निघतात, कोणाचे अर्धे शरीर यंत्राचे आहे, म्हणून ही प्राणी, यंत्रमानव, राक्षस अशा मानवेतर जीवांची खेळणी ठरतात. व्यापारविषयक न्यायालयाने ३ जानेवारी २००३ रोजी हे मान्य केले. कॉमिक्सच्या वाचकांचा एक वर्ग यावर चिडला, आणि ते साहजिकच होते. आम्हालाही माणूस म्हणून वागवा, हीच तर त्या पात्रांची कथेतली मागणी. आणि ती माणसे नाहीत हे शपथेवर सांगत होती त्यांच्यावर पैसा कमावणारी कंपनी. जागतिक व्यापार वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीनंतर अमेरिकेने खेळण्यांवरचे शुल्क शून्यावर आणले होते. त्यामुळे निकाल लागेपर्यंत दरातला फरक उरलाच नव्हता, भांडण होते ते जुन्या आयातीच्या परताव्याचे.

युरोपात नेमके उलटे घडले होते. १९९४ मध्ये चिनी खेळण्यांवर जो कोटा बसला तो ९५०३ मधल्या, म्हणजे प्राण्यांच्या आणि मानवेतर रूपांच्या खेळण्यांवर. मानवी बाहुल्या त्यातून सुटल्या. म्हणजे अटलांटिकच्या एका काठावर माणूस ठरणे महाग होते आणि दुसऱ्या काठावर फायद्याचे. एकाच नामावलीतले एकच वाक्य दोन्हीकडे वापरात होते, हे इथे लक्षात घेण्यासारखे.

२००७ च्या एचएस आवृत्तीत ९५०१ आणि ९५०२ काढून टाकण्यात आली आणि सगळे ९५०३ मध्ये एकत्र आले. माणूस की राक्षस हा प्रश्न त्याबरोबर निकालात निघाला. तंटा संपला असे मात्र नाही, तो ९५०३ च्या कुंपणावर सरकला. प्रकरणाच्या टिपा पाहिल्या की कुंपण किती वाकडेतिकडे आहे ते कळते. तिचाकी सायकल खेळणे ठरते, पण मुलांची दुचाकी सायकल ८७१२ मध्ये जाते. कुत्र्या-मांजरांसाठीची म्हणून ओळखू येणारी खेळणी ९५०३ मध्ये बसत नाहीत. टिकल्यांचे पिस्तूल खेळण्यात आणि त्यात भरायच्या टिकल्या आतषबाजीच्या ३६०४ मध्ये. जिगसॉ पझल ९५०३ मध्ये, तर पटावरचे खेळ आणि पत्ते ९५०४ मध्ये. सावंतवाडीच्या लाकडी फळांचा आणि गंजिफांचा रंगाचा डबा एकच असला, तरी नामावलीत त्यांची घरे वेगळी.

भारतात या कुंपणाकडे बराच काळ कोणी पाहिले नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंवरचे आयातनिर्बंध २००१ पर्यंत उठले आणि बिगरशेती मालावरचा कमाल दर २००७ मध्ये १० टक्क्यांवर आला. खेळणी या सरसकट गठ्ठ्यातलीच. २००९ च्या जानेवारीत चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी आली, ती मार्चमध्येच प्रमाणपत्राच्या अटीवर सैल झाली. ते प्रकरण सुरक्षेचे होते, दराचे नव्हे. २०१८ च्या अर्थसंकल्पात दर १० वरून २० टक्के झाला. पण ९५०३, ९५०४ आणि ९५०५ या तिन्ही हेडिंगवर तो एकदमच वाढल्याने तंट्याला कारण उरले नाही.

ते कारण फेब्रुवारी २०२० मध्ये मिळाले. ९५०३ चा दर एका दमात २० वरून ६० टक्क्यांवर गेला आणि २०२३ मध्ये ७० वर. शेजारची हेडिंगे या उडीत मागे राहिली. ९५०५ मध्ये सण-उत्सवाच्या वस्तू, मुखवटे, जादूचे साहित्य, चेष्टामस्करीच्या वस्तू येतात. मुंबईतल्या अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक दुकानांत ज्याला सरसकट ‘फॅन्सी आयटम’ म्हणतात त्यातला बराच माल या दोन हेडिंगच्या सीमेवरचा. होळीची पिचकारी सणाची वस्तू की खेळण्यातले शस्त्र? बाहुली लटकवलेले कीचेन खेळणे, की प्लास्टिकची वा लोखंडाची किरकोळ वस्तू? २० टक्क्यांच्या काळात असल्या प्रश्नांवर क्लिअरिंग एजंटने वेळ घालवला नसता. आता तोच प्रश्न कंटेनरच्या नफ्या-तोट्याचा आहे. एवढी मोठी दरी शेजारी-शेजारी उभी करताना तिचा वर्गीकरणावर काय परिणाम होईल, याचा विचार झाल्याचे दिसत नाही.

सरकारी यशाचे आकडेही याच कुंपणावर अडखळतात. २०२२ मध्ये सांगण्यात आले, की २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात खेळण्यांची आयात ३७.१ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर आली, म्हणजे ७० टक्के घट. हा आकडा तिन्ही हेडिंगांचा मिळून होता. त्याच निवेदनात एकट्या ९५०३ चा आकडा होता : ३०.४ कोटींवरून ३.६ कोटी. वजाबाकी केली तर उरलेल्या दोन हेडिंगांची आयात ६.७ वरून ७.४ कोटींवर गेलेली दिसते. ९५०३ कोसळत असताना शेजारी किंचित वाढ. यावरून चुकीची नोंद झाली असा आरोप करता येत नाही, कारण व्हिडिओ गेमची यंत्रे ९५०४ मध्येच मोडतात आणि टाळेबंदीत घरी अडकलेली मुले खेळत होती तीच. पण ‘खेळणी’ म्हणजे कोणती, हे ठरवल्याशिवाय घट ७० टक्के की ८८, हेही ठरत नाही.

दराच्या जोडीला गुणवत्ता नियंत्रण आदेश आला. बाजारातून उचललेल्या आयात खेळण्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश चाचणीत नापास झाल्याचा अहवाल त्यामागे होता. आदेश फेब्रुवारी २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. तेव्हापासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकता येत नाहीत. परदेशी कारखान्यालाही परवाना हवा, आणि त्यासाठी कारखान्याची पाहणी. कोविडच्या काळात पाहणीला जाणार कोण? नोंदणीकृत हस्तकलाकारांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या मालाला सूट मिळाली, तीही आरडाओरड झाल्यावर, आदेश लागू होण्याच्या तोंडावर.

या आदेशाची व्याख्या नामावलीपेक्षा निराळी आहे. आदेशानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी केलेली वस्तू म्हणजे खेळणे. एचएसच्या स्पष्टीकरणात मात्र खेळणे मुलांच्या करमणुकीचे असते तसेच मोठ्यांच्याही. म्हणून काचेच्या कपाटात ठेवायच्या संग्राहकांच्या मूर्तीवर खेळण्याचे पूर्ण शुल्क आकारले जाऊ शकते आणि त्याच वेळी आयएसआय चिन्ह लागत नाही असा दावाही उभा राहतो.

सर्वांत ताजे कुंपण हवेतले आहे. एचएसच्या २०२२ च्या आवृत्तीत ड्रोनसाठी ८८०६ हे नवे हेडिंग आले आणि ‘निव्वळ करमणुकीसाठी’ बनवलेली उडती खेळणी त्यातून वगळण्यात आली. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला भारताने संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा हे अपवाद ठेवून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. तळहातावर मावणाऱ्या, चार पंख्यांच्या आणि पोटाला कॅमेरा असलेल्या यंत्राला ९५०३ मिळाले तर त्यावर खेळण्याचे शुल्क लागते. ८८०६ मिळाले तर ते न्हावाशेवा बंदराच्या बाहेर पडत नाही.