ईश्वरी दंड (ख्रिस्ती धर्मविचार)

पापी माणसाला ईश्वर शिक्षा करतो काय, करीत असल्यास ती त्याला सुधारण्यासाठी की न्यायाचे माप पुरे करण्यासाठी, आणि तिला शेवट आहे की नाही, या प्रश्नांना ख्रिस्ती पंथांनी दिलेली वेगवेगळी उत्तरे. ख्रिस्त पुन्हा येऊन जिवंतांचा व मृतांचा न्याय करील, एवढे बहुतेक सर्व पंथांना मान्य आहे. मतभेद त्यापुढचे आहेत. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडला जाणारा, पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे म्हटला जाणारा मतांगिकार (श्रद्धेची सूत्ररूप घोषणा) या बाबतीत न्यायापर्यंत येऊन थांबतो. शिक्षेच्या कालावधीबद्दल त्यात एक शब्दही नाही. अथानेशियसच्या नावावर असलेला, पण त्याचा नसलेला लॅटिन मतांगिकार (बहुधा पाचव्या शतकाची अखेर किंवा सहाव्याचा प्रारंभ) मात्र दुष्कर्मी सार्वकालिक अग्नीत जातील, असे स्पष्ट म्हणतो.

मराठी वाचकाला येथे ‘नरक’ हा शब्द थोडा चकवतो. पुराणांतला नरकवास कितीही घोर असला, तरी पापाचे फळ भोगून संपले की जीव तेथून सुटतो. रूढ ख्रिस्ती विचारात पुनर्जन्म नाही आणि सुटकाही नाही. ‘सार्वकालिक शिक्षा’ या मत्तयाच्या शुभवर्तमानातील (२५:४६) दोन शब्दांवर सोळाशे वर्षे वाद का चालला, हे त्यावरून कळते.

शब्दांचा प्रश्न : बायबलमध्ये मृत्यूनंतरच्या अवस्थेला एकच नाव नाही. हिब्रू ‘शेओल’ आणि ग्रीक ‘हेडीज’ हे मृतांचे निवासस्थान. मराठी बायबलात त्यासाठी सहसा ‘अधोलोक’ येतो. शिक्षेचा अर्थ मुख्यतः ‘गेहेन्ना’ या शब्दात आहे. तो नव्या करारात बारा वेळा येतो : अकरा वेळा पहिल्या तीन शुभवर्तमानांत, एकदा याकोबाच्या पत्रात. पौलाच्या पत्रांत तो एकदाही नाही. गेहेन्ना म्हणजे जेरुसलेमच्या दक्षिणेकडील हिन्नोमचे खोरे. आहाज आणि मनश्शे या राजांच्या काळात तेथे मुलांचे होम झाले, असे जुना करार सांगतो. पुढे योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली (२ राजे २३:१०). तेथे शहराचा कचरा सतत जळत असे, म्हणून ते नरकाचे प्रतीक झाले, हे स्पष्टीकरण प्रवचनांत आणि अनेक टीकाग्रंथांत आढळते. त्याचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख मात्र १२०० च्या सुमाराच्या डेव्हिड किम्ही या ज्यू भाष्यकाराचा आहे, म्हणजे येशूनंतर हजाराहून अधिक वर्षांनी; उत्खननांतूनही त्याला ठोस आधार मिळालेला नाही. बळींची आठवण आणि यिर्मया संदेष्ट्याने त्या खोऱ्याला दिलेला शाप एवढ्यानेच नावाचा अर्थ पुरेसा उलगडतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मत्तयाच्या वचनात मूळ ग्रीक शब्द ‘कोलासिस आयोनियोस’ असे आहेत. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात ‘कोलासिस’ ही शिक्षा भोगणाऱ्याच्या हितासाठी, तर ‘तिमोरिया’ ही शिक्षा करणाऱ्याच्या समाधानासाठी असते, असा भेद केला आहे. अखेर सर्वांचे तारण होईल असे मानणारे या भेदावर भिस्त ठेवतात. परंतु ॲरिस्टॉटल ते मत्तय या साडेतीनशेहून अधिक वर्षांत बोलीभाषेतला हा भेद बराच पुसट झाला होता, तेव्हा एकट्या या शब्दावर मोठा निष्कर्ष उभारणे धाडसाचे ठरते. ‘आयोनियोस’चा प्रश्न अधिक खोल आहे. हे विशेषण ‘आयोन’ म्हणजे युग या नामापासून आले आहे. ते अंतहीन काळासाठी वापरतात, तसेच ‘येणाऱ्या युगाचे’ या अर्थानेही. यहूदाच्या पत्रात (वचन ७) सदोम नगराला ‘आयोनियोस’ अग्नीची शिक्षा झाल्याचे म्हटले आहे, आणि सदोम तर आज जळत नाही. याउलट लॅटिन धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ या ग्रंथाच्या २१ व्या भागात असा युक्तिवाद केला : एकाच वचनात एकाच विशेषणाने नीतिमानांचे जीवन आणि दुष्टांची शिक्षा सांगितली आहे, शिक्षेला अंत असेल, तर जीवनालाही मानावा लागेल. पश्चिमेत हा युक्तिवाद निर्णायक ठरला. ऑगस्टीन मुख्यतः लॅटिन पाठावर विसंबून होता आणि लॅटिनमध्ये ग्रीक शब्दाची दुहेरी छटा उरत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

ऑरिजेन आणि ५५३ : अलेक्झांड्रियाचा ऑरिजेन (सु. १८५–सु. २५४) याने ईश्वरी अग्नी हा वैद्याच्या उपचारासारखा शुद्ध करणारा असून शेवटी सर्व सृष्टी ईश्वराकडे परतेल (‘अपोकातास्तासिस’) असा विचार मांडला. त्याचा मुख्य तात्त्विक ग्रंथ बव्हंशी रुफायनसच्या लॅटिन भाषांतरातूनच आपल्यापर्यंत आला, आणि रुफायनसने वादग्रस्त भाग सौम्य केल्याचे स्वतःच कबूल केले आहे. म्हणून ऑरिजेनचे नेमके म्हणणे सांगताना जपून राहावे लागते. सम्राट जस्टिनियनने ५४३ मध्ये आज्ञापत्र काढून शिक्षा तात्पुरती मानणाऱ्यांचा धिक्कार केला. त्यानंतरची १५ धिक्कारसूत्रे ५५३ च्या दुसऱ्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेची समजली जातात. पण परिषदेच्या उपलब्ध इतिवृत्तात ती नाहीत. जमलेल्या बिशपांनी परिषद रीतसर सुरू होण्यापूर्वी त्यांना संमती दिली, हे मत आज बरेच अभ्यासक स्वीकारतात. शिवाय त्यांचा रोख आत्म्यांच्या पूर्व-अस्तित्वावर आणि त्यातून निघणाऱ्या परतीच्या कल्पनेवर आहे. निस्साचा ग्रेगरी (सु. ३३५–सु. ३९५) पूर्व-अस्तित्व नाकारूनही सर्वांच्या पुनःस्थापनेची आशा बाळगत होता, त्याचा धिक्कार कधीच झाला नाही, उलट पूर्व व पश्चिम दोन्ही चर्च त्याला संत मानतात. सार्वत्रिक तारणाची प्रत्येक कल्पना परिषदेने पाखंड ठरवली, असे सरसकट म्हणणे म्हणूनच बरोबर नाही.

पौर्वात्य परंपरा : सातव्या शतकातील निनवेचा इसहाक याच्या मते गेहेन्नातील वेदना म्हणजे प्रेमाचेच फटके. ईश्वर कोणावर प्रेम करणे थांबवत नाही. ज्याने त्या प्रेमाचा अपराध केला, त्याला तेच असह्य होते. त्याच्या लेखनाच्या हरवलेल्या दुसऱ्या भागाची हस्तलिखित प्रत १९८३ मध्ये ऑक्सफर्डमध्ये ओळखली गेली. गेहेन्नाला अंत आहे, असे तो त्यात उघड लिहितो. ऑर्थोडॉक्स चर्चची औपचारिक शिकवण इतकी पुढे जात नाही. परंतु नंदनवन आणि नरक ही एकाच ईश्वरी प्रकाशाची दोन अनुभवरूपे आहेत, हा विचार तेथे आजही जिवंत आहे.

शुद्धिस्थान : क्षमा मिळालेल्या पण पूर्ण शुद्ध न झालेल्या आत्म्यांसाठी मृत्यूनंतर एक अवस्था असते, ही रोमन कॅथलिक शिकवण. तिला १ करिंथ ३:११–१५ आणि २ मक्काबी १२ यांचा आधार देतात. दुसरा ग्रंथ प्रॉटेस्टंट प्रमाण मानीत नाहीत, आणि वाद तेथूनच सुरू होतो. जॅक ल गॉफ या फ्रेंच इतिहासकाराने १९८१ मध्ये असे मांडले, की ‘पुर्गातोरियुम’ (शुद्धिस्थान) हे लॅटिन नाम ११७०–८० च्या सुमारास घडले आणि त्यासोबत ते ‘स्थान’ही जन्मले. नामाबद्दलचा त्याचा शोध मोलाचा आहे. परंतु आठव्या शतकात बीड या इंग्रज मठवासी लेखकाने सांगितलेल्या दृष्टान्तांत अशी मधली जागा आधीच दिसते, त्यामुळे कल्पना बाराव्या शतकाची म्हणता येणार नाही. १४३८ मध्ये फेरारा येथे ग्रीक आणि लॅटिन प्रतिनिधी या प्रश्नावर समोरासमोर बसले. मृतांसाठी प्रार्थना ग्रीकांनाही मान्य होती. शुद्ध करणाऱ्या भौतिक अग्नीला त्यांनी नकार दिला. १४३९ च्या फ्लॉरेन्स येथील ठरावात शुद्धिकारक शिक्षांचा उल्लेख आहे, अग्नीचा नाही. ग्रीक प्रतिनिधींपैकी एफेससच्या मार्कने तरीही सही केली नाही. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये शुद्धिस्थान आहे आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनांनी तेथील आत्म्यांना साहाय्य होते, एवढेच सांगून अवघड, सूक्ष्म प्रश्न सामान्य जनांपुढील प्रवचनांतून वगळण्याची आज्ञा केली.

प्रॉटेस्टंट पंथ : ल्यूथरचा १५१७ मधील हल्ला पापमुक्तिपत्रांच्या (पापाची शिक्षा माफ करणारी चर्चची पत्रे) विक्रीवर होता; शुद्धिस्थान त्याने पुढे पूर्णपणे नाकारले. अंतहीन शिक्षा मात्र त्याच्या अनुयायांनी सोडली नाही. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या (ल्यूथरपंथीयांचे श्रद्धानिवेदन) १७ व्या कलमात, शिक्षेला अंत मानणाऱ्या ॲनाबॅप्टिस्टांचा (फक्त प्रौढांना बाप्तिस्मा देणारा पंथ) निषेध आहे. कॅल्व्हिनने तारण व दंड दोन्ही ईश्वराच्या पूर्वनिवडीवर (कोण तरणार हे ईश्वराने आधीच ठरवणे) सोपवले. पण नरकाच्या ज्वाला त्याने शब्दशः घेतल्या नाहीत. डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियसच्या अनुयायांनी या पूर्वनिवडीला हरकत घेतली आणि १६१८–१९ च्या डॉर्ट परिषदेने ही हरकत फेटाळली. इंग्लंडच्या चर्चने १५५३ च्या ४२ कलमांतील सार्वत्रिक तारणाविरुद्धचे शेवटचे कलम १५६३ मध्ये गाळले.

अंतहीन शिक्षा आणि सर्वांचे तारण यांखेरीज, दुष्टांना अखंड यातना नव्हे तर नाश, हे तिसरे उत्तर. सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट आणि यहोवाचे साक्षीदार ते मानतात. आत्मा स्वभावतः अमर नाही, हे त्यामागचे गृहीतक. १९८८ मध्ये इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ) अँग्लिकन धर्मगुरू जॉन स्टॉट यांनी या मताकडे आपला कल सावधपणे व्यक्त केला, तेव्हा त्यांच्याच गोटात मोठी खळबळ उडाली.

ऐहिक आपत्ती : दुःख हा पापाचा दंड, ही समजूत ईयोबाच्या ग्रंथात आव्हानिली आहे. सिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक अपराधी होते काय, असे विचारून येशू ‘नाही’ म्हणतो; मात्र लगेच ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाचे बजावतो (लूक १३:४–५). याच दोन वाक्यांमध्ये पुढची मते विभागली गेली. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला आणि उपासनेला भरलेली चर्चे कोसळली. जेझुइट मालाग्रिदाने आणि मेथडिस्ट वेस्लीने, एरवी कशातही एकमत नसताना, यात ईश्वराचा हात पाहिला.

अलीकडील कॅथलिक शिकवण : १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षाग्रंथात नरकाची शाश्वतता कायम आहे, पण ईश्वरापासूनची ताटातूट हीच मुख्य शिक्षा म्हटली आहे. बाप्तिस्मा न झालेल्या अर्भकांना ऑगस्टीनने अत्यंत सौम्य का होईना, दंड सांगितला होता. मध्ययुगाने त्यांच्यासाठी यातनारहित ‘लिंबो’ कल्पिले. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने या बालकांच्या तारणाची आशा धरण्यास गंभीर आधार आहेत, असे म्हटले. ते निश्चित ज्ञान असल्याचा दावा मात्र केला नाही.