पार्श्वभूमी: न्यायाधीशांवर देखरेख ठेवणारा न्यूयॉर्कचा आयोग आणि त्याची तिजोरी

न्यायाधीश चुकीचा वागला तर तक्रार कुणाकडे करायची? अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात १९७० च्या दशकापर्यंत या प्रश्नाला धड उत्तर नव्हतं. वेगवेगळी न्यायालयं आपापल्या परीनं प्रकरणं हाताळायची. गंभीर प्रकरणांसाठी एक खास न्यायालय होतं, पण ते गरज पडली तरच भरायचं आणि तिथेही निवाडा करणारे न्यायाधीशच असायचे. त्याचा परिणाम एका आकड्यात दिसतो: आयोग येण्याआधीच्या शंभर वर्षांत संपूर्ण राज्यात फक्त २३ न्यायाधीशांवर कारवाई झाली.

वाट कॅलिफोर्नियानं दाखवली होती. तिथे १९६० मध्ये घटनादुरुस्ती होऊन देशातला असा पहिला कायमस्वरूपी आयोग उभा राहिला. न्यूयॉर्कच्या विधिमंडळानं १९७४ मध्ये तात्पुरत्या आयोगाचा कायदा केला आणि जानेवारी १९७५ पासून काम सुरू झालं. पुढे दोन वेळा राज्यघटना बदलावी लागली. १ एप्रिल १९७८ पासून ‘स्टेट कमिशन ऑन ज्युडिशियल कंडक्ट’ आजच्या स्वरूपात आहे.

आयोगाचे सदस्य ११. चार राज्याचे निवडून आलेले प्रमुख, म्हणजे गव्हर्नर, नेमतात, तीन राज्याचे मुख्य न्यायाधीश आणि उरलेले चार विधिमंडळातले नेते, प्रत्येकी एक. त्यात न्यायाधीश असतात, वकील असतात आणि कायद्याशी संबंध नसलेले सामान्य नागरिकही असतातच. मला यातली ही शेवटची तरतूद सर्वांत मोलाची वाटते. सदस्यांना पगार नाही. खरं काम करतात ते आयोगाचे पगारी वकील आणि तपास अधिकारी.

तक्रार आली की ती छाननी करून आयोगापुढे ठेवली जाते. बहुतेक तक्रारी तिथेच संपतात, कारण त्या निकालावरच्या नाराजीतून आलेल्या असतात आणि निकाल बरोबर की चूक हे ठरवणं अपिलाचं काम. उरलेल्यांत तपास, मग गरज असेल तर लेखी आरोपपत्र आणि सुनावणी. शिक्षा म्हणजे ताकीद, ठपका किंवा पदावरून दूर करणं. न्यायाधीशाला ३० दिवसांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात, म्हणजे ‘कोर्ट ऑफ अपील्स’मध्ये, दाद मागता येते. आयोगानं शिक्षा ठरवून ती जाहीर होईपर्यंत सगळी कार्यवाही गोपनीय असते.

हे कागदावर कोरडं वाटेल, म्हणून एक प्रकरण. मार्च २००५ मध्ये नायगारा फॉल्सच्या शहर न्यायालयात घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांची सुनावणी सुरू असताना कुणाचा तरी मोबाईल वाजला. कुणीच पुढे येईना. न्यायाधीश रॉबर्ट रेस्टायनो यांनी एकेकाला विचारलं आणि उत्तर मिळेना तसं समोर हजर असलेल्या ४६ आरोपींना कोठडीत पाठवलं. जामिनाचे पैसे भरू न शकलेल्या १४ जणांना बेड्या घालून बसनं काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, तुरुंगात नेण्यात आलं. पत्रकारांचे फोन सुरू झाल्यावर दुपारी सुटका झाली. आयोगानं २००७ मध्ये रेस्टायनो यांना पदावरून दूर करण्याचा निर्णय दिला आणि पुढच्या वर्षी कोर्ट ऑफ अपील्सनं तो कायम केला. एरवी चांगलं काम असलेला न्यायाधीश होता, असं त्यांच्या बाजूनं सांगितलं गेलं. पण ज्या १४ जणांना बेड्या पडल्या, त्यांच्यासाठी बोलणारं दुसरं कोण होतं?

असा तपास करायला माणसं लागतात आणि माणसांना पगार लागतो. या आयोगाचा खरा इतिहास इथे आहे. १९७८ मध्ये वार्षिक तरतूद साधारण १६ लाख डॉलर होती आणि कर्मचारी ६३. १९९६ मध्ये तरतूद १७ लाखांच्या आसपासच होती. मधल्या महागाईनं त्या पैशाची किंमत निम्म्याहून कमी केली होती. कर्मचारी उरले २०. तक्रारी मात्र त्याच काळात दुपटीहून वाढून वर्षाला दीड हजारांच्या घरात गेल्या होत्या. मंजूर कायदा तोच, अधिकार तेच, आणि हाताशी एक तृतीयांश माणसं!

चित्र पालटलं ते २००६-०७ मध्ये. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं २००६ मध्ये राज्यातल्या टाउन आणि व्हिलेज न्यायालयांवर, म्हणजे लहान गावांतल्या स्थानिक न्यायालयांवर, लेखमाला छापली. तिथले बहुतेक न्यायाधीश वकील नसतात. निवडून येतात, थोडं प्रशिक्षण घेतात आणि जामीन, दंड, प्रसंगी तुरुंगाचेही आदेश देतात. आयोगानं शिक्षा केलेल्यांमध्ये बहुसंख्य याच न्यायालयांतले. लेखमालेनं खळबळ उडाली आणि विधिमंडळानं २००७ मध्ये तरतूद २८ लाखांवरून ४८ लाखांवर नेली. पदं ५१ झाली.

ही उभारी टिकली नाही. २००८ च्या मंदीनंतर तरतूद ५४ लाखांच्या आसपास थिजली. कार्यालयांची भाडी आणि करारानुसार वाढणारे पगार त्यातूनच भागवायचे, म्हणून रिकामी पदं रिकामीच ठेवली गेली. बाहेरचे लघुलेखक घेणंही बंद झालं. साक्षींची टिपणं कार्यालयातलेच कर्मचारी तयार करू लागले. म्हणजे तपासाला लागणारा वेळ टंकलेखनात जाऊ लागला. अलीकडे तक्रारी वर्षाला दोन हजारांच्या पुढे गेल्या आहेत.

भारतातल्या वाचकाला एक फरक कळायला हवा. आपल्याकडे जिल्हा व तालुका न्यायालयांवर घटनेच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाचंच नियंत्रण असतं. राज्य पातळीवर असा वेगळा आयोग नाही. न्यूयॉर्कमध्ये आयोग न्यायव्यवस्थेबाहेर आहे, आणि म्हणूनच पैशाचा प्रश्न तिथे जास्त टोकदार होतो. न्यायालयांच्या स्वतःच्या अंदाजपत्रकात गव्हर्नरला फेरफार करता येत नाही. शिफारस जोडून ते तसंच विधिमंडळाकडे पाठवावं लागतं. आयोगाची मागणी मात्र गव्हर्नरच्या अर्थसंकल्पातून जाते आणि तिला आधीच कात्री लागू शकते. २००३ मध्ये आयोगाचे प्रशासक झालेले रॉबर्ट टेम्बेकजियान यांनी विधिमंडळापुढे निधीचा हा प्रश्न वारंवार मांडला.