विंचू कोणता? इंग्लिश साहित्य आणि व्यावसायिक लेखन

बारावीचा निकाल लागला की गोव्यात, आमच्या डिचोलीत मला एक प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो शेजारच्या मावशींनी विचारला. "बाय, आमच्या पोरीचं इंग्लिश जरा कच्चं आहे. बी.ए.ला इंग्लिशच घेतलं तर सुधारेल ना? मग एखाद्या कंपनीत रिपोर्ट-बिपोर्ट लिहायचं काम मिळेल."

मावशींच्या बोलण्यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या: भाषा सुधारणं, साहित्य शिकणं आणि कामासाठी लिहिणं. त्यांचा दोष नाही. घरात कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी आणि पाचवीपासून एकदम इंग्लिश माध्यम अशी आपल्याकडच्या कितीतरी मुलांची वाट असते. 'इंग्लिश' म्हटलं की आईवडिलांना पाचवीतली ती धडपडच आठवते. पण हीच गल्लत शिकलीसवरलेली माणसं करतात, मुलांना विषय निवडून देणारे करतात, तेव्हा मला राग येतो, कारण तीन वर्षं मुलांची जातात.

भाषा सुधारण्याचं आधी उरकते. बी.ए.चं इंग्लिश हा भाषा शिकवायचा वर्ग नाही. तिथे भाषा येते असं धरूनच पहिला पेपर सुरू होतो. कच्च्या इंग्लिशवर साहित्याचा उतारा दिला की मूल गाइडच्या आसऱ्याला जातं आणि दुसऱ्याचीच वाक्यं पाठ करून पास होतं. इंग्लिश सुधारायचं तर रोज वाचावं, रोज पानभर लिहावं आणि जाणत्या माणसाकडून ते तपासून घ्यावं. त्यासाठी पदवी लागत नाही.

साहित्याचा अभ्यासक्रम बहुतेकांच्या ओळखीचा आहे, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. शेक्सपिअर, रोमँटिक कवी, कादंबरी, भारतीय इंग्लिश लेखक, समीक्षेचे सिद्धान्त. मी ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, एम.ए. केलं आणि ती दोन वर्षं मला आजही प्रिय आहेत. व्यावसायिक लेखनात मात्र कारखान्यातली कार्यपद्धती, वापराच्या सूचना, अहवाल, प्रस्ताव, संकेतस्थळावरचा मजकूर, दुसऱ्याने लिहिलेल्याचं संपादन असं सगळं येतं. त्याचं एक मूळ इंजिनिअरिंगच्या वर्गात आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स कॉलेजात इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवणाऱ्या सॅम्युएल चँडलर अर्ल यांनी १९११ मध्ये तांत्रिक लेखनावर पाठ्यपुस्तक लिहिलं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. एकात लांब उत्तरं लिहायची, दुसऱ्यात प्रकल्प करायचे. कॉलेजात इंग्लिश शिकवायचं असेल तर एम.ए. आणि पुढे नेट, सेट या पात्रता परीक्षा किंवा पीएचडी लागते, म्हणजे साहित्याचीच वाट धरावी लागते. आणि सर्जनशील लेखन हा तिसराच विषय आहे. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० साली त्याचं एम.ए. सुरू झालं. तिथे कथा-कविता लिहायला शिकवतात. तो या वादात आणू नये.

लोक खरे अडखळतात ते एकाच ठिकाणी. वाक्याला दोन अर्थ निघाले तर काय करायचं?

एकनाथांच्या भारुडातला विंचू आठवा. तो चावतो तेव्हा विंचूही असतो आणि काम-क्रोधही असतो. त्यातला एक अर्थ काढून टाकला तर भारुडच उरत नाही. साहित्याचा अभ्यास म्हणजे असे दोन, तीन, चार अर्थ एकाच वेळी हातात धरून ठेवायला शिकणं. केंब्रिजला समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांच्याकडे शिकलेल्या विल्यम एम्प्सन यांनी १९३० मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी, द्व्यर्थाचे सात प्रकार सांगणारं आख्खं पुस्तक लिहिलं. एम्प्सनना द्व्यर्थ हा कवितेचा दोष वाटत नव्हता. तिचं बळ तिथेच आहे असं ते दाखवत होते. चांगला शिक्षक वर्गात हेच करतो. एका मुलीने एक अर्थ सांगितला की तो विचारतो, "आणखी काय?"

आता तोच विंचू प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर आणा. पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावातून रात्री माणूस येतो, हात सुजलेला, बरोबर घाबरलेला मुलगा. तिथे विंचू हा विंचूच असला पाहिजे, आणि 'लगेच' म्हणजे कधी, 'डॉक्टर' म्हणजे कुठल्या दारामागे, हे एकदा वाचून कळलं पाहिजे. तिथे दुसरा अर्थ निघाला तर तो लिहिणाऱ्याचा अपराध.

हे मला एम.ए.ने शिकवलं नाही. वेर्ण्याला एका औषध कारखान्यात कागदपत्रं लिहायच्या कामावर लागले तेव्हा कळलं. यंत्राशेजारी मराठीत एक सूचना लावलेली होती: 'बॅच बदलल्यावर आवश्यक असल्यास भांडे धुवून तपासणी व नोंद करावी.' व्याकरण बिनचूक. सकाळच्या पाळीचे लोक समजत, धुणं गरजेपुरतं, पण तपासणी आणि नोंद दरवेळी. रात्रीच्या पाळीचे समजत, गरज वाटली तर तिन्ही, नाहीतर एकही नाही. दोघांच्याही बाजूने व्याकरण उभं राहतं. नोंदवहीत रात्रीची पानं कोरी दिसली तेव्हा बोलणी बसली ती रात्रपाळीला. ज्याने वाक्य लिहिलं त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि ते मला अजून खुपतं.

ते वाक्य दुरुस्त करायला मी बसले आणि तासाभरात लक्षात आलं की खुर्चीवर बसून ते दुरुस्त होणार नाही. 'आवश्यक' हे ठरवायचं कुणी? कशावरून? खाली जाऊन भांड्यापाशी उभं राहिले, काम करणाऱ्यांना विचारलं. मग कळलं की धुवायचं की नाही हे तपासल्याशिवाय कळतच नाही, म्हणजे वाक्यातला क्रमही उलटा होता. शेवटी तीन ओळी झाल्या: बॅच बदलल्यावर प्रत्येक वेळी भांडे तपासा. आत डाग किंवा पावडर दिसली तर धुवा आणि पुन्हा तपासा. प्रत्येक वेळी नोंद करा. या ओळींत वाचावं असं सौंदर्य काही नाही. पण दोन्ही पाळ्या तेव्हापासून एकच काम करू लागल्या, आणि मला त्या ओळींचा माझ्या एम.ए.च्या कुठल्याही निबंधापेक्षा जास्त अभिमान आहे.

हे कारखान्यापुरतंच आहे असं नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइममधून वगळलेल्या कामांची यादी कायद्यात दिलेली होती. तिच्या शेवटी 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग' असंही वाचता येईल आणि 'पाठवणीसाठी पॅकिंग' व 'वितरण' अशी दोन कामंही वाचता येतील, अशी रचना होती. मध्ये एक स्वल्पविराम नव्हता. एका डेअरीचे चालक वितरण करत होते, पॅकिंग करत नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने कौल त्यांच्या बाजूने दिला, त्यानंतर विधिमंडळाने ती यादी अर्धविराम घालून नव्याने लिहिली आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. एम्प्सनना त्या वाक्यात रमता आलं असतं. चालकांना मात्र त्यातून आपला पगार वाचायचा होता.

या फरकाच्या मुळाशी वाचणारा माणूस आहे. साहित्याचं उत्तर जो वाचतो त्याने ती कविता तुमच्या आधी वाचलेली असते. त्याला कविता कळायची नसते, तुम्हाला ती किती कळली हे पाहायचं असतं, आणि वाचायचा त्याला पगार मिळतो. तुम्ही पान भरलंत तरी तो शेवटपर्यंत जातो. कामाचा मजकूर वाचणाऱ्याला त्यातलं काही ठाऊक नसतं, त्याच्या हातात दुसरं काम असतं आणि कळलं नाही तर तो अंदाजाने पुढे जातो. साहित्यात पहिल्या वर्गात आलेली मुलं कामावर येऊन पहिल्या महिन्यात चाचपडतात ती यामुळे. त्यांचं इंग्लिश उत्तम असतं, पण आपल्याला किती येतं हे ती अजून वाचणाऱ्याला दाखवत असतात.

आणि ज्याला व्यावसायिक लेखन म्हणून विकतात त्यातलं पुष्कळसं ते नसतंच. अर्जाचा साचा, ईमेलचा साचा, मिटिंगच्या टिपणाचा साचा, सत्राच्या शेवटी तीन तासांचा पेपर. 'विनम्रपणे विनंती करतो की' हे इंग्लिशमध्ये पाठ करणं म्हणजे लेखन शिकणं नाही. साचा तर कुठल्याही ऑफिसात जुन्या फाइलीत मिळतो. अभ्यासक्रम खरा आहे का हे पाहायला मी एकच गोष्ट विचारते: एकच मजकूर मुलं किती वेळा लिहितात, आणि मधल्या मसुद्यांवर कोण काय लिहून देतं? उत्तर 'एकदा, परीक्षेत' असं आलं तर नाव काहीही असो, मी मुलांना तिथे पाठवत नाही. त्यापेक्षा साहित्य घ्यावं, मनापासून वाचावं, आणि लिहायचं काम बाहेर शिकावं.

मावशींच्या मुलीला मी घरी बोलावलं. तिला गोष्टी वाचायला आवडतात, कविता अडते पण सोडवत नाही म्हणाली. तिने साहित्यच घ्यावं असं मी मावशींना सांगितलं, नोकरीची आशा त्याला न जोडता. लिहिण्यासाठी तिला वेगळं काम दिलं: गोव्यात पहिल्यांदाच आलेल्या माणसाने डिचोलीहून कदंबच्या सरकारी बसने गोवा विद्यापीठात कसं पोचायचं, ते अर्ध्या पानात इंग्लिशमध्ये लिही. तिने सुंदर लिहून आणलं. मये तळं होतं, मांडवी होती, व्याकरणाची चूक एकच. पणजीला उतरून दुसरी बस धरायची हे मात्र कुठेच नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "ते तर सगळ्यांना ठाऊक आहे ना, ताई?" दुसरा मसुदा ती रविवारी आणणार आहे.